सगळ्या फटी

तिला सगळे फटकळकाकू म्हणत, आणि हे नाव तिने एकदा नाही, दोनदा कमावलं होतं.

पहिल्यांदा नोकरीत. एकतीस वर्षं ती वीज कार्यालयातर्फे घरोघर जाऊन मीटरचे आकडे टिपत होती, आणि आकडा टिपता टिपता घरातल्यांना चार शब्द सुनावत होती. "माणसं तीन आणि दिवे सात? उजेडात काय हरवलंय तुमचं?" असं ती कुणालाही विचारी. तक्रारी वर जात, साहेब तिला बोलावून घेत, आणि ती आधी साहेबांच्याच टेबलाखालचा हीटर बंद करून मग ऐकायला उभी राही. तोंडाने फटकळ पण आकड्याला पक्की, म्हणून तिची नोकरी टिकली.

दुसऱ्यांदा निवृत्तीनंतर, खऱ्याखुऱ्या फटींमुळे. नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात एका म्हाताऱ्या नवरा-बायकोच्या घरचा मीटर सुसाट पळताना तिला दिसला. सुनावायला म्हणून ती आत गेली, तर दोघं जण दोन-दोन स्वेटर घालून हीटरला चिकटून बसलेली, आणि घर गारच. तिने खिडकीच्या चौकटीपाशी तळहात धरला. बाहेरचा वारा सरळ आत येत होता. "आजोबा, तुम्ही घर नाही, गल्ली तापवताय," ती म्हणाली. त्या दिवशी तिने पहिल्यांदा कुणाला ओरडायच्या ऐवजी जुन्या कापडाच्या चिंध्या मागितल्या आणि स्वतःच्या हाताने ती फट बुजवली. पुढच्या महिन्यात मीटर निम्म्यावर आला होता. तेव्हापासून तिच्या डोक्यात हे जे शिरलं ते शिरलंच.

निवृत्त झाल्यावर तिने आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी मिळून छोटं मंडळ काढलं. बाईंना सगळे विज्ञानबाई म्हणत. मंडळाचं म्हणणं साधं होतं. आधी घरातली ऊब घरात राहू दे, मग दिवे बदला, आणि मग सगळ्यांनी मिळून इमारतींच्या गच्चीवर सौरऊर्जा आणू. गळक्या बादलीत पाणी भरत बसण्यात अर्थ नाही, आधी भोक बुजवा, असं काकू सांगे. लोक हसत, पण ऐकत. पहिल्याच हिवाळ्यात चौतीस घरांनी मंडळाकडून फोमची चिकटपट्टी नेली. काकूने प्रत्येक घर वहीत लिहून ठेवलं.

त्या पट्टीसोबत एक पत्रक दिलं जाई. विज्ञानबाईंनी त्याचा मजकूर चांगला पानभर लिहिला होता. दारं, खिडक्या, चौकटी यांच्या फटी कशा शोधाव्यात. आणि खाली, स्वयंपाकघराची आणि बाथरूमची हवेसाठीची वरची जाळी मात्र बंद करू नये. काकूने तो कागद वाचून नाक मुरडलं.

"नमनालाच घडाभर तेल. एवढं कोण वाचतं, बाई?"

"पण जाळीचं राहू द्या काकू. ते महत्त्वाचं आहे."

"जाळी कोण कशाला बुजवेल? लोकांना एवढी अक्कल असते," असं म्हणून काकूने पेन्सिलीने अर्धं पान उडवलं आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं: सगळ्या फटी बुजवा, घरात ऊब रुजवा. यमक जुळलं म्हणून ती स्वतःवरच खूश झाली. बुजवा-रुजवा घरोघर पाठ झालं. लहान मुलंसुद्धा जिन्यात म्हणायला लागली.

गुरुवारी सकाळी साडेनऊला गीझरवाला तिच्या दारात उभा राहिला. गॅसचे गीझर बसवणारा आणि दुरुस्त करणारा हा माणूस तिच्या नोकरीपासूनच्या ओळखीचा, कमी बोलणारा. त्याने हातातला फोमच्या पट्टीचा चुरगळलेला गोळा तिच्या टेबलावर ठेवला.

"काकू, हे तुमचं."

"माझं कसं?"

"काल एका घरी गीझर साफ करायला गेलो होतो. बाथरूमची जाळी या पट्टीने बंद केलेली. मी फाडून काढली. विचारलं, तर म्हणाले, फटकळकाकूंनी सांगितलंय, सगळ्या फटी बुजवा."

काकूचं उत्तर तयारच होतं. "मूर्ख आहेत. जाळी म्हणजे फट का?"

"गॅसचा गीझर आतच जळतो," गीझरवाला म्हणाला. "त्याला हवा लागते. जाळी बंद, दार बंद, मग तो खोलीतली हवा खातो आणि विषारी वायू सोडतो. त्याला वास नाही, त्याचा धूर नाही. माणूस आंघोळीला आत जातो आणि बाहेर येत नाही."

 काकूने तो गोळा हातात घेतला. त्याच्यावर साबणाचे सुकलेले डाग होते. एका घराने केलं, म्हणजे आणखी कितींनी केलं असेल, हा विचार तिच्या मनात आला. तिने वही काढली. तिची चौतीस घरं आणि गीझरवाल्याने गीझर बसवलेली घरं त्यांनी शेजारी शेजारी धरली. कालचं सोडून आठ घरं जुळली. उरलेल्यांना विचारण्याचं काम तिने फोन करून विज्ञानबाईंवर सोपवलं. बाईंनी फक्त "बरं" म्हटलं. मी सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या असत्या तर काकूला बरं वाटलं असतं.

पहिल्या घरी जाळी उघडी होती. काकूने तिथल्या सुनेला उगाचच दोनदा शाबासकी दिली. दुसऱ्या घरी जाळीवर पट्टी होती, नीट दोन थरांत. तिसऱ्या घरी पट्टी नव्हती, जुना टॉवेल कोंबला होता. "पट्टी संपली म्हणून टॉवेल घातला," घरधनी अभिमानाने म्हणाला, "पण तुमचं ऐकलं हो काकू." गीझरवाल्याने स्टुलावर चढून टॉवेल ओढून काढला. काकू खाली उभी राहून ऐकलं हो, ऐकलं हो, एवढंच मनात घोळवत राहिली. आयुष्यभर तिची तक्रार होती की लोक ऐकत नाहीत. आता प्रत्येक दारात ती मनातल्या मनात म्हणत होती, यांनी तरी ऐकलेलं नसू दे.

चौथ्या घरी तिच्या मनात एक वाईट विचारही येऊन गेला. रविवारी सभा होती. गच्चीवर सौर पाणीतापक बसवायचे की नाही, हे त्या सभेत ठरणार होतं. कित्येक महिन्यांची मेहनत होती ती. हे प्रकरण बाहेर फुटलं तर कोण तिचं ऐकेल? आठ घरं गुपचूप मोकळी करावीत, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. हा विचार आला, आणि तो आला याचीच तिला लाज वाटली.

पाचव्या घरी एका तरुण बाईने दार उघडलं. जाळी बंद होती. गीझरवाला पट्टी काढत असताना ती बाई कपाळाला हात लावून म्हणाली, "म्हणून डोकं दुखत होतं का माझं? आठ दिवस झाले. आंघोळ झाली की डोकं जड होतं, मळमळतं. दुपारपर्यंत बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

काकूला सोमवारचा फोन आठवला.

तिची थोरली बहीण, ताई, पुलापलीकडे एकटी राहत होती. सोमवारी फोनवर ताई म्हणाली होती, "हल्ली रोज आंघोळीनंतर डोकं धरतं गं. मळमळतं पण." आणि काकूने सभेच्या गडबडीत उत्तर दिलं होतं, "चष्म्याचा नंबर वाढला असेल. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा."

ताई वहीत नव्हती. ती असणं शक्यच नव्हतं. काकूच्या या सगळ्या खटाटोपाला ताई पहिल्यापासून फटींचं वेड म्हणत आली होती. बारा दिवसांपूर्वी काकू उरलेलं पट्टीचं बंडल घेऊन तिच्याकडे गेली, तर ताई शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "माझ्या घरात वारा येतो तो मला आवडतो." मग दोघींचं वाजलं. काकूने बंडल आणि पत्रक टेबलावर आदळलं, लाव नाहीतर फेकून दे म्हणाली आणि निघून आली. पालथ्या घड्यावर पाणी, असं समजून ती ते विसरूनही गेली होती. ताईच्या बाथरूममध्ये घरमालकाने बसवलेला गॅसचा गीझर होता.

काकूने फोन लावला. रिंग वाजत राहिली. ताई फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे ठेवायची, हरवू नये म्हणून. पुन्हा लावला. पुन्हा वाजला आणि बंद झाला. भिंतीवरच्या घड्याळात दहा पन्नास झाले होते. झाडून-पुसून, कपडे वाळत घालून ताई पावणेअकराला आंघोळीला जायची. पन्नास वर्षांत तिची ही वेळ कधी चुकली नव्हती.

"काय झालं काकू?" गीझरवाल्याने विचारलं.

"माझी ताई," ती म्हणाली. "पुलापलीकडे."

गीझरवाल्याने स्कूटर काढली. काकू मागे बसली आणि फोन कानाला लावून राहिली. पुलावर एक ट्रक आडवा वळत होता. स्कूटर थांबली. कुणालाही रस्त्यात अडवून सुनावणारी काकू त्या ट्रकवाल्याकडे नुसती बघत राहिली.  ट्रकने एकदा पुढे घेतलं, एकदा मागे घेतलं, पुन्हा पुढे घेतलं. गीझरवाला खाली उतरून ड्रायव्हरशी काहीतरी बोलला आणि स्कूटर फुटपाथवरून काढली. काकूच्या कानात फोन वाजतच होता.

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर. काकूकडे दुसरी किल्ली होती. गीझरवाल्याने किल्ली घेतली आणि दार उघडलं. आत पाण्याचा आवाज येत होता. बाथरूमचं दार आतून बंद होतं.

"ताई. ए ताई."

पाणी पडत राहिलं. गीझरवाल्याने दाराला खांदा लावला. दाराखालच्या फटीतसुद्धा पट्टी होती, त्यामुळे दार गच्च बसलं होतं. तिसऱ्या धक्क्याला आतल्या कडीचे स्क्रू निघाले. ताई स्टुलावरून घसरून भिंतीशी कलंडली होती. गीझरची ज्योत पिवळी जळत होती. त्याने आधी गॅस बंद केला. काकूने हाताला लागली ती चादर ताईभोवती गुंडाळली, आणि दोघांनी मिळून तिला सज्जात नेलं. काकूने तिच्या नाकाशी हात धरला. खिडक्यांपाशी हात धरून वारा ओळखायची सवय असलेल्या त्या हाताला सुरुवातीला काहीच कळलं नाही. मग श्वास लागला. बारीक होता, पण होता.

रुग्णवाहिका येईपर्यंत काकू एकदाच आत गेली, ताईचे कपडे आणायला. तेव्हा तिने जाळी पाहिली. ताईने चाळीस वर्षं पडदे आणि खोळी शिवल्या होत्या. तिने जाळीच्या मापाने पट्टी कापली होती, कोपरे दुमडले होते, एकही सुरकुती नव्हती. चौतीस घरांत इतकं नीट काम कुणी केलेलं नव्हतं.

दवाखान्यात ताईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा चढवला. वेळेवर आणलंत, एवढंच डॉक्टर म्हणाल्या. किती वेळेवर, हे विचारायचं धाडस काकूला झालं नाही. दुपारी तीनच्या सुमारास ताईने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि मुखवटा बाजूला सारला.

"दार कुणी उघडलं?"

"गीझरवाल्याने."

"आणि माझ्या अंगावर?"

"चादर गुंडाळली होती गं."

"कुठली?"

"हाताला आली ती."

"निळी नसेल ना? निळी नवी आहे."

काकूला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडू आलं, आणि दोन्ही आवरेना. ताईने तिला रडू दिलं.

"तू ती पट्टी कधी लावलीस?" काकूने शेवटी विचारलं.

"तू आदळआपट करून गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू जगभर करत सुटली असतीस, की बघा, माझ्या ताईनेसुद्धा ऐकलं." ताईला दम लागला. ती थांबली. "पत्रक नीट वाचलं मी. सगळ्या, असं लिहिलं होतंस. मी म्हटलं, करायचं तर पूर्ण करावं."

"आणि डोकं दुखत होतं, तेव्हा मी तुला चष्म्याचं सांगितलं."

"हो. उद्याची वेळ घेतली आहे डोळ्यांच्या डॉक्टरची."

यापेक्षा ताईने तिला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. काकू खाटेची कड धरून बसली. "ताई, जाळीचं लिहिलेलं होतं. विज्ञानबाईंनी लिहिलं होतं. मी खोडलं. यमक जुळावं म्हणून खोडलं मी. आता हे सगळं बंद करते. मंडळ पण नको आणि सभा पण नको."

"किती घरं होती अशी?"

"आठ. पाच झाली."

"आणि तीन?"

काकूने ताईकडे पाहिलं. ती तीन घरं तिच्या डोक्यातून पार पुसली गेली होती. पाचव्या घरातून ती जी निघाली ती सरळ इथे आली होती.

"मग इथे बसून काय करतेस?" ताई म्हणाली. "शिवलंस तू, उसवायचं पण तूच. जा."

काकू धावत जिन्यापर्यंत आली तर गीझरवाला खालून वर येत होता. "दोन करून आलो," तो म्हणाला. "एक बंद होती, एक उघडी. तिसऱ्या घराला कुलूप आहे. दोघं कामावर जातात. शेजारी निरोप ठेवलाय."

निरोपावर विश्वास ठेवायची काकूची हिंमत उरली नव्हती. ती त्या घराच्या पायरीवर जाऊन बसली. थंडी वाढत होती. येणारे-जाणारे विचारत, काकू इथे कशा, आणि ती नुसती मान हलवी. कुलूप बाहेरून होतं, म्हणजे आत कुणी नव्हतं, हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा समजावत होती; आणि तरीही मधूनमधून उठून दाराला कान लावत होती. सव्वापाचला नवरा-बायको आली. काकू त्यांच्याआधी आत शिरली आणि बाथरूममध्ये जाऊन वर पाहिलं. जाळी उघडी होती. पट्टीचं बंडल न फोडता कोपऱ्यात पडलं होतं.

"ते राहूनच गेलं काकू," नवरा ओशाळून म्हणाला. "खरं सांगायचं तर कंटाळा केला."

"फार चांगलं केलंस," काकू म्हणाली. आळशी माणसाला तिने आयुष्यात पहिल्यांदाच आशीर्वाद दिला, आणि तो माणूस बराच वेळ बुचकळ्यात पडून राहिला.

संध्याकाळी विज्ञानबाईंचा फोन आला. वहीतल्या बाकीच्या घरांत धोका काही नव्हता. "बाई, मी तुमचं वाक्य खोडलं," काकू म्हणाली. "मी खोडू दिलं," बाई म्हणाल्या.

रविवारी सभेला एरवीपेक्षा दुप्पट माणसं आली. बातमीला पाय फुटले होते. काकू उभी राहिली. तिने नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. "मी तुम्हाला सगळ्या फटी बुजवा म्हणाले होते," ती म्हणाली. "ते चूक होतं. बरोबर काय ते बाईंनी मला लिहून दिलं होतं आणि मी ते उडवलं. त्यामुळे माझी ताई मरता मरता वाचली. तुमच्यापैकीही कुणी गेलं असतं. आज तुम्ही माझं ऐकू नका. बाईंचं ऐका, त्या जेवढं सांगतील तेवढं पूर्ण ऐका."

मागून कुणीतरी म्हणालं, "आम्ही आधीच म्हणत होतो, हे उंटावरून शेळ्या हाकणं आहे." एरवी काकूने त्याला जागच्या जागी गार केलं असतं. आज तिने बाईंना पुढे बोलावलं. बाई तासभर बोलल्या. गच्चीवरच्या सौर पाणीतापकाचं त्या दिवशी ठरलं नाही. विषय दोन महिने पुढे गेला, आणि तेव्हा फक्त दोन इमारती राजी झाल्या. ताईची इमारत त्या दोनांत नव्हती.

काकू अजूनही घरोघर जाते. आता ती आधी बाथरूममध्ये जाऊन वर बघते, मग खिडकीकडे वळते. बोलणं कमी झालं आहे. नाव तेच आहे, पण नवीन माणसांना ते का पडलं हे सांगावं लागतं.

ताईच्या बाथरूममधली जाळी उघडी आहे. गीझरवाल्याने गीझर बाहेर सज्जात नेला आहे, आत फक्त पाण्याची नळी येते, घाबरायचं काही कारण उरलेलं नाही. हे काकूला पाठ आहे. तरी रोज पावणेअकराला ताईने आंघोळीला जातेय म्हणून फोन करायचा आणि बाहेर आल्यावर पुन्हा करायचा, असा नियम काकूने घातला आहे. मधली पंधरा मिनिटं तिच्याने काही होत नाही. कुणाच्या घरी असली तर ती हातातलं काम ठेवून पायरीवर येऊन बसते. एखाद्या दिवशी सोळा मिनिटं होतात, सतरा होतात, आणि ती उभी राहते. मग फोन वाजतो.

"झाली आंघोळ."

"डोकं?"

"जागेवर आहे," ताई म्हणते. "तुझं बघ."